मॅटरहॉर्न: बर्फाने घडवलेलं शिखर, बर्फावर आखलेली सीमा

परदेशातून येताना कुणीतरी विमानतळावरून आणलेलं त्रिकोणी टोब्लेरोन चॉकलेट ज्यांनी खाल्लंय, त्यांनी मॅटरहॉर्न पाहिलेलं आहे. खोक्यावरचा तो मान किंचित वाकवलेला बर्फाळ सुळका म्हणजेच मॅटरहॉर्न. २०२३ मध्ये कंपनीने तो काढला आणि त्या जागी कुठलाही असू शकेल असा एक डोंगर छापायचं ठरवलं. कारण कायद्याचं होतं. उत्पादनाचा काही भाग स्लोव्हाकियात जाणार होता, आणि स्वित्झर्लंडमध्ये २०१७ पासून लागू असलेल्या नियमांनुसार असा माल देशाची ओळख सांगणारी चिन्हं मिरवू शकत नाही. चॉकलेट पुरेसं स्विस राहिलं नाही, म्हणून शिखर गेलं.

यातली गंमत अशी की हे शिखर तरी पूर्ण स्विस कुठे होतं? स्वित्झर्लंड आणि इटली यांची सीमा त्याच्या माथ्यावरून जाते. पलीकडच्या उतारावरची माणसं त्याला चेर्विनो म्हणतात, आणि ते आपलंच असल्याची त्यांना खात्री आहे.

सीमा नेमकी कशी जाते, ते आधी पाहू. मॅटरहॉर्नला चार धारा आहेत आणि त्या धारांच्या मध्ये चार कडे. ईशान्येची धार ह्योर्नली, आग्नेयेची फुर्गन, नैर्ऋत्येची लिओने, म्हणजे सिंहाची, आणि वायव्येची त्स्मुट. सीमा लिओने धारेवरून चढते, माथ्याच्या सुमारे शंभर मीटर लांब अरुंद कण्यावरून जाते आणि फुर्गन धारेने खाली उतरते. त्यामुळे उत्तर, पूर्व आणि पश्चिम हे तीन कडे स्वित्झर्लंडकडे आले आणि दक्षिणेचा एकच इटलीकडे. माथ्यावरही दोन टोकं आहेत. स्विस टोकाची उंची ४४७८ मीटर, इटालियन टोक त्याहून जेमतेम मीटरभर बुटकं. पोस्टकार्डांवर, कॅलेंडरांवर आणि चॉकलेटवर जे चित्र फिरलं ते झरमॅट गावातून दिसणारं, म्हणजे पूर्व आणि उत्तर कड्यांचं. दक्षिणेकडून, चेर्विनिया गावातून, हाच डोंगर रुंद, खडबडीत आणि बराच कमी देखणा दिसतो. जगाने शिखर स्विस मानलं त्यात या चित्राचा वाटा मोठा आहे.

पण हा आकार आला कुठून? आणि दोन देशांनी सीमा आखायला नेमकी हीच रेषा का निवडली? दोन्ही प्रश्नांची उत्तरं शेवटी बर्फापाशी येतात. सुरुवात मात्र खडकापासून करावी लागते.

खाली समुद्र, वर खंड

खडकांचे थर साचतात तेव्हा जुना थर खाली आणि नवा वर असतो. मॅटरहॉर्नमध्ये हा क्रम उलटा आहे. डोंगराच्या पायथ्याचे खडक एका नाहीशा झालेल्या समुद्राच्या तळाचे आहेत: त्या तळावर साचलेल्या गाळाचे आणि तिथल्या लाव्हाचे. ताप आणि दाब सोसून ते हिरवट, पापुद्रे सुटणारे बनले आहेत. त्यांच्यावर, शिखराचा जो भाग आपण फोटोत पाहतो तो नाइस नावाच्या कठीण, पट्टेदार खडकाचा आहे. हा खडक तो समुद्र जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचा. अगदी माथ्याजवळचा नाइस तर खंडाच्या कवचात फार खोलवर तयार झालेला. म्हणजे तळघरातला खडक गच्चीवर.

हे घडलं ते असं. युरोप आणि आफ्रिका एकेकाळी एकाच महाखंडाचे भाग होते. तो फुटला तेव्हा दोघांच्या मध्ये एक समुद्र उघडला. पुढे आफ्रिका पुन्हा उत्तरेकडे सरकू लागली आणि तो समुद्र मिटत गेला. समुद्राचा तळ युरोपच्या आणि आफ्रिकेच्या मध्ये चिरडला, काही भाग खाली ओढला गेला. शेवटी दक्षिणेकडच्या खंडाचा एक जाड थर आडवा सरकत या सगळ्यावर चढून बसला. हा थर पूर्वी बराच विस्तीर्ण असणार. झिजून झिजून त्याचे जे उंच अवशेष उरले, त्यांत मॅटरहॉर्नचा वरचा भाग आणि शेजारचं डाँ ब्लांश ही शिखरं येतात.

यावरूनच 'मॅटरहॉर्नचा माथा आफ्रिकेचा आहे' हे वाक्य प्रचलित झालं. झरमॅटमधले गाईड ते पर्यटकांना आवर्जून ऐकवतात. ते चूक नाही, पण थोडं सैल आहे. हा थर ज्या भूखंडाचा होता त्याला भूशास्त्रज्ञ आड्रिया म्हणतात. आफ्रिकेच्या उत्तरेला पुढे आलेला तो एक तुकडा, आणि आजच्या इटलीचा बराच भाग त्याच्यावरच उभा आहे. तेव्हा खडकाच्या जन्मावरून निवाडा करायचा झाला, तर शिखरावर इटलीचा हक्क जरा जास्त बसतो, असं मी म्हणेन. अर्थात झरमॅटमध्ये हे मोठ्याने बोलू नये.

समुद्राचा तळ किती खाली ओढला गेला होता, याचा पुरावा इटलीच्या बाजूला, वाल्तूर्नांश खोऱ्यातल्या चिन्याना तलावाजवळ आहे. तिथल्या खडकांत कोएसाइट नावाचं खनिज सापडलं. ते आपल्या वाळूतल्या क्वार्ट्झचंच दाट रूप. क्वार्ट्झचं कोएसाइट व्हायला जेवढा दाब लागतो, तेवढा दाब सुमारे ९० किलोमीटर खोलीवरच मिळतो. समुद्रतळावरचा गाळ तेवढा खाली गेला, आणि मग डोंगरांच्या या घुसळणीत परत वर आला. त्यातलं कोएसाइट आजवर टिकलं ते कठीण गार्नेटच्या स्फटिकांत बंदिस्त राहिल्यामुळे. आज त्या तलावापर्यंत पाठीवर सॅक टाकून चालत जाता येतं.

चार बाजूंनी कुरतडलेला डोंगर

खंडांच्या धडकेने डोंगर उंच झाला, टोकदार मात्र झाला नाही. टोक काढलं हिमनद्यांनी.

थंड हवामानात डोंगराच्या उतारावर एखादा खळगा असला की तिथे बर्फ साचतं. उन्हाळ्यात ते पूर्ण वितळत नाही, पुढच्या हिवाळ्यात त्यावर आणखी पडतं. वरच्या ओझ्याने खालचं बर्फ दाबून घट्ट होतं आणि एका जाडीनंतर स्वतःच्याच वजनाने उताराकडे सरकू लागतं. सरकताना दोन गोष्टी होतात. तळाशी अडकलेले दगड खळग्याचा तळ खरवडतात. मागच्या भिंतीच्या भेगांत शिरलेलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि खडक सैल करतं. सरकणारी हिमनदी हे सैल तुकडे उपटून घेऊन जाते. त्यामुळे खळगा खोल होत जातो आणि त्याची मागची भिंत, सरळ उभी राहूनच, डोंगराच्या पोटात मागे मागे सरकते. शाळेच्या भूगोलात याला हिमगव्हर म्हणतात.

आता असे दोन हिमगव्हर डोंगराच्या विरुद्ध बाजूंनी मागे सरकू लागले, तर मधला डोंगर पातळ होत जातो आणि शेवटी एक धारदार कणा उरतो. तो शुककूट. तीन-चार हिमगव्हर चहूबाजूंनी एकाच डोंगराला कुरतडू लागले, तर मध्ये उरतं ते गिरिशृंग. मॅटरहॉर्नचे चार कडे म्हणजे अशा चार हिमगव्हरांच्या मागच्या भिंती, आणि त्याच्या चार धारा म्हणजे त्या भिंती जिथे एकमेकींना भेटल्या त्या रेषा. बर्फ आजही पायथ्याशी आहे. उत्तर कड्याखाली मॅटरहॉर्न हिमनदी, पश्चिमेला टीफमाटेन, पूर्वेला फुर्ग. पण या आज ज्या दिसतात त्या बारीक झालेल्या. गेल्या सुमारे २६ लाख वर्षांत हिमयुगं येत-जात राहिली, आणि त्यांच्या ऐन भरात दऱ्या बर्फाने काठोकाठ भरलेल्या असत. त्या पांढऱ्या सपाटीतून मॅटरहॉर्नसारखी मोजकी शिखरंच वर डोकावत असणार.

गिरिशृंग जगात पुष्कळ आहेत. गोमुखाच्या पुढे तपोवनात उभं राहिलं की समोर दिसणारं ६५४३ मीटर उंचीचं शिवलिंग शिखर त्यातलंच. महाराष्ट्रातले कितीतरी ट्रेकर तिथवर जाऊन आलेत. सह्याद्रीतले सुळके मात्र या घराण्यातले नव्हेत. तिथे लाव्हाचे आडवे थर आहेत आणि ते कापले पावसाच्या आणि ओढ्यांच्या पाण्याने. हिमनदी सह्याद्रीत कधी उतरलीच नाही.

---
चौकट: शिखर एका नजरेत

नाव: मॅटरहॉर्न (जर्मन), चेर्विनो (इटालियन), सेर्व्हाँ (फ्रेंच)
उंची: ४४७८ मीटर
कुठे: स्वित्झर्लंडचा व्हॅले प्रांत आणि इटलीचा आओस्ता खोऱ्याचा प्रदेश यांच्या सीमेवर
पायथ्याची गावं: उत्तरेला झरमॅट (सुमारे १६०० मीटर), दक्षिणेला चेर्विनिया (सुमारे २०५० मीटर)
पहिली चढाई: १४ जुलै १८६५, ह्योर्नली धारेने, इटलीच्या बाजूने १७ जुलै १८६५
उत्तर कड्याची पहिली चढाई: १९३१, म्युनिकहून सायकलवर आलेले फ्रान्झ आणि टोनी श्मिड हे भाऊ
---

थरांचा कल आणि एक शर्यत

खडकाचे थर कोणत्या बाजूला कलले आहेत, यावर १८६५ मधली एक शर्यत ठरली. ही गोष्ट बहुतेक वेळा शौर्याची आणि अपघाताची म्हणून सांगितली जाते. तिच्यातला भूगोल मागे पडतो.

तोवर आल्प्समधली बहुतेक मोठी शिखरं सर झाली होती. मॅटरहॉर्नकडे पाहून झरमॅटचे लोक मान हलवत, कारण गावातून त्याचा पूर्व कडा जवळपास उभा दिसतो. म्हणून बहुतेक प्रयत्न इटलीच्या बाजूने, लिओने धारेवरून होत. तिथला जाणता माणूस जाँ-आंत्वान कारेल, वाल्तूर्नांशचा. इंग्लंडचा एडवर्ड व्हिम्पर, पेशाने लाकडावर चित्रं कोरणारा, त्यानेही वर्षानुवर्षं त्याच धारेवर डोकं आपटलं होतं.

व्हिम्परने दोन गोष्टी नीट पाहिल्या. पहिली, पूर्व कडा समोरून उभा वाटतो, पण बाजूने पाहिला की त्याचा उतार साधारण ४० अंशांचा दिसतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डोंगराचे थर नैर्ऋत्येकडे, म्हणजे इटलीच्या बाजूला, खाली कलले आहेत. त्यामुळे लिओने धारेवर खडकाची प्रत्येक पायरी बाहेरच्या अंगाला उतरती. पाय ठेवावा तर घसरणारा, हात घालावा तर धरायला कड नाही. तेच थर ईशान्येकडे डोंगराच्या आत कलतात, आणि तिथल्या पायऱ्या आतल्या अंगाला उतरत्या. अशा पायरीवर पाऊल टिकतं. तेव्हा उभी दिसणारी बाजूच सोपी असणार, असा त्याचा तर्क.

तर्क बरोबर निघाला. इटली नुकती एकसंध झाली होती, आणि राजकारणी व भूशास्त्रज्ञ क्विन्तिनो सेल्ला यांच्या प्रेरणेने कारेलची तुकडी आपल्या बाजूने निघाली होती. व्हिम्पर धावपळीत झरमॅटला पोचला. वाटेत भेटलेल्यांना जोडून सात जणांची तुकडी झाली आणि १४ जुलैला ती ह्योर्नली धारेने माथ्यावर होती. कारेलची माणसं तेव्हा कितीतरी खाली होती. आपण वर पोचलोय हे त्यांना कळावं, म्हणून व्हिम्परच्या लोकांनी वरून दगड ढकलले. उतरताना तरुण, अननुभवी डग्लस हॅडो घसरला. त्याच्याबरोबर गाईड मिशेल क्रो, पाद्री चार्ल्स हडसन आणि लॉर्ड फ्रान्सिस डग्लस उत्तर कड्यावरून खाली गेले. दोर तुटला म्हणून व्हिम्पर आणि टाउगवाल्डर पिता-पुत्र वाचले. तो तुटलेला दोर झरमॅटच्या संग्रहालयात आहे. तीन दिवसांनी कारेलने त्या उतरत्या पायऱ्यांवरूनच, इटलीच्या बाजूने, माथा गाठला. माझ्या मते चढाई म्हणून त्याची अवघड होती.

शिखराला बांधलेला ढग

झरमॅटमध्ये चारदोन दिवस राहिलेल्या माणसाला हे दृश्य हमखास दिसतं. आकाश स्वच्छ, आजूबाजूची शिखरं मोकळी, आणि मॅटरहॉर्नच्या एकाच बाजूला झेंड्यासारखा फडकणारा ढग. वारा जोरात असतो, तरी ढग जागचा हलत नाही. पुष्कळांना वाटतं की वाऱ्याने उडवलेलं बर्फच ते. कधी कधी तसंही असतं, पण खरा ध्वज-ढग उन्हाळ्यात, कडे कोरडे असतानाही दिसतो.

एरवी डोंगरावर ढग धरतो तो वाऱ्याच्या समोरच्या बाजूला. वारा उतारावर चढतो, वर जाताना गार होतो, त्यातल्या बाष्पाचे थेंब होतात. कोकणातून आलेला पावसाळी वारा घाटमाथ्याला धडकतो तेव्हा हेच घडतं. इथे ढग वाऱ्याच्या आडोशाला आहे, तो कसा?

याचं उत्तर आकारात आहे. सह्याद्री ही लांबच लांब भिंत आहे, तिच्यापुढे वाऱ्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. एकट्या उभ्या पिरॅमिडला मात्र वारा बगल देतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. पाठीमागे हवेचा दाब थोडा कमी होतो आणि तिथे भोवरा तयार होतो. या भोवऱ्यात आडोशाच्या कड्यालगत हवा खालून वर खेचली जाते. समोरच्या बाजूने माथ्यापाशी येणारी हवा मुळातच त्या उंचीवरची, म्हणून कोरडी. पाठीमागून वर येणारी हवा शेकडो मीटर खालची, म्हणून अधिक दमट. ती वर येऊन गार झाली की ढग होतो. पुढे तो वाऱ्यात मिसळून विरतो, पण खालून नवी दमट हवा येतच असते. म्हणजे ढगातले थेंब सतत बदलतात आणि ढग जागच्या जागी राहतो. जर्मनीतल्या माइन्ट्स विद्यापीठाच्या हवामानशास्त्रज्ञांनी झुगश्पिट्झ या शिखराच्या दोन्ही बाजूंना उपकरणं लावून या ढगांचा बारकाईने अभ्यास केला. योगायोग असा की तेही सीमेवरचंच शिखर, जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या.

आढ्यावरची सीमा

आता सीमेकडे येऊ. डोंगराळ मुलखात दोन राज्यांनी हद्द ठरवायची तर भिंत कोण बांधणार? त्यापेक्षा पाण्याला विचारणं सोपं. कौलारू घराच्या आढ्यावर पावसाचा थेंब पडला, तर तो या पाख्यावरून ओघळेल किंवा त्या पाख्यावरून. या दोन शक्यतांच्या मधली रेषा म्हणजे आढं. डोंगररांगेचंही असंच आढं असतं, त्याला जलविभाजक म्हणतात. महाबळेश्वरच्या पठारावर कृष्णा पूर्वेला निघून बंगालच्या उपसागराला मिळते आणि सावित्री पश्चिमेला कोकणात उतरून अरबी समुद्राला. दोघींच्या मधली रेषा म्हणजे सह्याद्रीचा जलविभाजक.

मॅटरहॉर्नच्या उत्तरेला पडलेलं पाणी विस्पा नदीतून ऱ्होनमध्ये, तिथून जिनिव्हा सरोवरातून फ्रान्स ओलांडून भूमध्य समुद्रात जातं. दक्षिणेचं पाणी मार्मोरे ओढ्यातून दोरा बाल्तेया आणि मग पो नदीतून एड्रियाटिक समुद्रात. स्वित्झर्लंड आणि इटली यांनी इथली सीमा या जलविभाजकावरच ठेवली. त्यात व्यवहारही होता. ज्या खोऱ्यातली गुरं ज्या कुरणावर चरतात, ज्या ओढ्याचं पाणी ज्या गावाला लागतं, ते सगळं एका राज्यात राहतं.

माथ्यावर आणि धारांवर ही पद्धत बिनबोभाट चालते, कारण तिथलं आढं कातळाचं आहे. अडचण पूर्वेला सुरू होते. फुर्गन धार संपून सीमा थिओडुल खिंडीकडे आणि तिथून टेस्टा ग्रिजाकडे जाते, तिथे रुंद, सपाट हिमनद्या पसरल्या आहेत. सुमारे ३३०० मीटर उंचीची ही खिंड म्हणजे जुना रहदारीचा मार्ग. रोमन नाणी इथे सापडली आहेत. सतराव्या शतकाच्या आसपासचा एक प्रवासी तलवार, खंजीर, पिस्तूल आणि नाण्यांसकट इथल्याच हिमनदीत गाडला गेला होता. १९८४ पासून वितळत्या बर्फातून त्याचे अवशेष बाहेर आले. असल्या ठिकाणी पाणी कुठल्या बाजूला वाहील हे खडक ठरवत नाही, बर्फाचा पृष्ठभाग ठरवतो. म्हणजे आढंच बर्फाचं. आणि बर्फाचं आढं वितळलं तर?

तेच झालं. टेस्टा ग्रिजाला ३४८० मीटर उंचीवर इटलीचं एक निवारागृह आहे, रिफुजिओ गुइदे देल चेर्विनो. १९८४ मध्ये ते बांधलं तेव्हा पूर्णपणे इटलीच्या हद्दीत होतं. शेजारच्या थिओडुल हिमनदीने १९७३ ते २०१० या काळात आपल्या वस्तुमानाचा जवळपास चौथा हिस्सा गमावला. बर्फ खचलं तसा जलविभाजक इटलीच्या दिशेने सरकला आणि निवारागृहाच्या खालूनच जाऊ लागला. इमारतीचा सुमारे दोन तृतीयांश भाग, खानावळ आणि बहुतेक खाटांसह, तांत्रिकदृष्ट्या स्वित्झर्लंडमध्ये आला. मग परवाने कुणाचे, कर कुणाला, पोलीस कुणाचे? जागाही साधी नाही. दोन्ही देशांचे स्की-उतार इथे मिळतात, आणि २०२३ पासून झरमॅटच्या बाजूचं क्लाइन मॅटरहॉर्न आणि टेस्टा ग्रिजा रोपवेने जोडले गेले आहेत. बर्फावर पाय न ठेवता सीमा ओलांडता येते.

दोन्ही देशांच्या सर्वेक्षकांनी आणि मुत्सद्द्यांनी वर्षानुवर्षं वाटाघाटी केल्या. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये फ्लॉरेन्सला तडजोड झाली, आणि मे २०२३ मध्ये संयुक्त आयोगाने सीमा-दुरुस्तीचा मसुदा नक्की केला. स्वित्झर्लंडच्या मंत्रिमंडळाने त्याला २७ सप्टेंबर २०२४ रोजी मान्यता दिली. दुरुस्ती प्लाटो रोझा, कारेल निवारा आणि गोब्बा दी रोल्लिन या भागांत आहे. निवारागृह इटलीकडेच राहिलं.

इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवर याहून गमतीदार पेच झाला होता. १९ सप्टेंबर १९९१ रोजी तिथल्या वितळत्या बर्फात एक मृतदेह सापडला. आधी तो एखाद्या हरवलेल्या गिर्यारोहकाचा वाटला. निघाला पाच हजार वर्षांहून जुना, आज जग ज्याला 'ओट्झी' म्हणतं तो. १९१९ च्या करारानुसार तिथली सीमा जलविभाजकावर होती, पण तेव्हा ती जागा जाड बर्फाखाली होती आणि सर्वेक्षकांना बर्फाच्या पृष्ठभागावरून अंदाज बांधावा लागला. आज बर्फ गेल्यावर तिथलं पाणी ऑस्ट्रियाकडे वाहतं. पुन्हा मोजणी झाली. कागदावरच्या रेषेप्रमाणे ओट्झी इटलीत ९२.५६ मीटर आत होता. म्हणून तो आज बोल्झानोच्या संग्रहालयात आहे, ऑस्ट्रियात नाही. पुढे या दोन देशांनी 'सरकती सीमा' ही कल्पनाच करारात मान्य केली: जलविभाजक हलला की सीमाही हलेल. स्वच्छ आणि प्रामाणिक तोडगा आहे. मात्र जिथे सीमेवर इमारती, रोपवे आणि पैसा नाही, तिथेच तो सहज पचतो.

डोंगराच्या आतलं बर्फ

आतापर्यंत बोललो ते पृष्ठभागावरच्या बर्फाबद्दल. मॅटरहॉर्नच्या पोटातही बर्फ आहे. उंचावरचा खडक वर्षभर शून्याखाली असतो आणि त्याच्या भेगांत शिरलेलं पाणी गोठून बसलेलं असतं. याला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. हिमयुगात भेगा रुंदावून खडक फोडणारं बर्फ ते हेच. पण जोवर ते गोठलेलं आहे, तोवर भेगेच्या दोन्ही बाजू धरूनही ठेवतं आणि पाणी आत शिरू देत नाही. उष्णता आत पोचली की ही पकड सैल होते आणि वरून आलेलं पाणी थेट भेगेत उतरतं.

२००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेची मोठी लाट आली. त्या जुलैमध्ये ह्योर्नली धारेचा एक भाग कोसळला आणि वर अडकलेल्या गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने उतरवावं लागलं. जिथून खडक सुटला तिथे ताजं उघडं पडलेलं बर्फ दिसत होतं. त्यानंतर, २००८ पासून, संशोधकांनी त्याच धारेवर सुमारे ३५०० मीटरवर संवेदकांचं जाळं बसवलं. भेग किती रुंदावली, खडकाचं तापमान किती, आतून तडकण्याचे आवाज येतात का, हे सगळं बिनतारी यंत्रणेने खाली कळतं. त्यातून कळलं ते असं. हिवाळ्यात खडक थंडीने आकसतो आणि भेगा उघडतात, ऊब आली की मिटतात. ही हालचाल परत फिरणारी. उन्हाळ्यात बर्फ सैल झाल्यावर मात्र काही भेगा थोड्या थोड्या सरकतात आणि पुन्हा मूळ जागी येत नाहीत. धोका या न परतणाऱ्या हालचालीचा.

आणखी एका टीमने माथ्याजवळ आणि खालच्या भागात भूकंपमापक ठेवले. तेव्हा दिसलं की अख्खं शिखर सतत डोलतं. एका झोक्याला दोन सेकंदांहून किंचित जास्त वेळ, आणि हालचाल इतकी सूक्ष्म की कुणालाही जाणवणार नाही. जमिनीत सदैव असलेली बारीक थरथर, तिच्यात दूरच्या समुद्राच्या लाटांचाही वाटा, शिखराला हलवत राहते. पायथ्याशी जेवढी हालचाल, तिच्या चौदापटीपर्यंत माथ्याशी. उंच, सडपातळ आकाराचा हा परिणाम आहे. आकार मुळात हिमगव्हरांनी दिलेला. मोठ्या भूकंपात सैल खडकाला हा जोर भारी पडू शकतो, म्हणून त्या नोंदींना महत्त्व.

मॅटरहॉर्नवर चढणारे ह्योर्नली निवाऱ्यातून पहाटे अंधारातच निघतात. दुपारी ऊन तापलं की रात्री गोठून बसलेले दगड सुटू लागतात, आणि उतरताना ते डोक्यावर येतात. पूर्वी हा अंदाज घड्याळाचा होता. आता काही उन्हाळ्यांत पहाटही पुरेशी गार नसते. जुलै २०२२ मध्ये सलग उष्णतेने कडे इतके सैल झाले की चेर्विनिया आणि झरमॅट दोन्हीकडच्या गाईडांनी काही काळ चढाया थांबवल्या. त्यासाठी संयुक्त आयोग बसवावा लागला नाही.